आधी उतरायला शिका, मग उडी

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार-पाच महिने झाले, सूज उतरली, जिना चढता येऊ लागला, की पोरं विचारतातच, "ताई, मी आते कवय खेळसू?" अमळनेरला माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे बरेचसे खेळाडू कबड्डी नाहीतर खो-खोचे. पाय रोवून अंग वळवताना एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडून ठेवणारा अस्थिबंध, तुटतो. ऑपरेशनने तिथे नवा अस्थिबंध बसतो, व्यायामाने मांडी भरते, आणि मग मुलाला थेट सामन्यात उतरवतात. मधला उड्यांचा टप्पा गाळलाच जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

या उड्यांच्या व्यायामाला प्लायोमेट्रिक्स म्हणतात. 1960च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी उंचावरून उतरून लगेच वर उसळण्याचा सराव रुजवला. स्नायू ताणला जातो आणि तत्क्षणी आकसतो. त्या दोन्हींच्या मधला वेळ जितका कमी, तितकी उसळी जास्त. पण तो सराव धडधाकट खेळाडूंचा. दुखापतीनंतर मी आधी फक्त उतरायला शिकवते. वीतभर उंचीच्या पाटावरून दोन्ही पायांवर उतरायचं आणि तिथेच थांबायचं.

तेव्हा मी गुडघा बघते आणि आवाज ऐकते. पारोळ्याकडची एक खो-खो खेळणारी मुलगी उतरली की 'धप्प' व्हायचं आणि डावा गुडघा आत, अंगठ्याच्याही पलीकडे वळायचा. मोबाइलवर तिचाच व्हिडिओ सावकाश करून दाखवला, तेव्हा तिला ते पटलं. कंबर मागे नेऊन, गुडघे वाकवून ती उतरू लागली आणि हळूहळू आवाज मऊ झाला. मगच दोन पायांच्या उड्या, पुढे एका पायावर, शेवटी आडव्या आणि वळणाच्या. चढाईत हुलकावणी आडवीच असते ना!

दोन सत्रांत किमान 48 तासांचं अंतर ठेवते. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर एक पायरी मागे. मे महिन्यात सकाळी सहालाच बोलावते, आणि भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर उडी मारू देत नाही, मॅटवरच.

सामन्यात परतण्याआधी दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के लांब उडी मारतो का, हे बघतात. मात्र इतक्या महिन्यांत चांगला पायही अशक्त झालेला असतो, म्हणून मी त्या एका आकड्यावर विसंबत नाही. शिवाय ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जायची भीती जास्त.

स्पर्धा जवळ आली की प्रशिक्षकांचे फोन येतात. त्यांना म्हणते, संध्याकाळी पोराला घेऊन या, एका पायावरच्या सलग तीन उड्या तुमच्यासमोरच मोजू.