तिसरा बैल आतून बुरसला, चौथा कोरडा निघाला

भुसा आणि चिंचोक्याच्या खळीचे, मातीत मुरतील असे खेळण्यातले बैल मी करतेय. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की तिसरा बैल वाळला, आता घासकाम आणि रंग तेवढा उरलाय. तो वाळला नव्हता. त्यानंतरच्या रविवारी पॉलिश पेपर घेऊन बसले तर मागच्या पायांच्या बेचक्यात राखाडी लव दिसली. पुसून काढली आणि बैल परत वाळवायच्या बल्बच्या खोक्यात ठेवला. दोन दिवसांत लव पुन्हा हजर. शेवटी करवत घेतली आणि मधोमध कापला. बाहेरचा बोटभर थर लाकडासारखा कडक झालेला, पण गाभा ओला आणि हिरवट-काळा. वास इतका, की बाल्कनीचं दार लावून घ्यावं लागलं. एकवीस दिवसांचं काम गेलं.

भाचा नागपूरला वाट बघतोय. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे श्रावण अमावस्येच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैल घेऊन गल्लीत फिरायचं, आणि तो मावशीनेच केलेला हवा, असं त्याने ठरवून टाकलंय. श्रावण अमावस्येच्या आधी कुरिअर निघायला हवं. म्हणून हे सगळे दिवस मी फक्त बुरशीमागे घालवले.

आधी मीही तेच केलं जे घरी खेळणी करणारे आपल्यातले बहुतेक जण करतात: खळीत काय घातलं म्हणजे बुरशी धरणार नाही, याचा शोध. चिंचोक्याची खळ म्हणजे बुरशीला पंचपक्वान्न. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते उगाच नाही. दोघांनी मलाही तोच सल्ला दिला होता. मोरचूद बुरशी मारतो हे खरं आहे. पण ते तांब्याचं विषारी क्षार आहे, आणि भाच्याची धाकटी बहीण दीड वर्षाची आहे. ती वस्तू आधी तोंडात घालते आणि मग बघते. मोरचूद माझ्या घरात येणार नाही, हा विषय माझ्यापुरता संपला.

मग चकत्या केल्या. भुसा, खळ आणि कातरलेला कापूस नेहमीच्याच प्रमाणात. एकेका चकतीत एकेक गोष्ट: मीठ, हळद, लवंगेचं तेल, कडुलिंबाच्या पानांचा काढा, आणि व्हिनेगरसोबत सोडियम बेंझोएट. एक चकती कोरी ठेवली. सगळ्या एका डब्यात, ओल्या फडक्यासोबत, झाकण लावून.

कोरी चकती चौथ्या दिवशी बुरसली. हळदीची पाचव्या, कडुलिंबाची सहाव्या दिवशी. लवंगेच्या तेलाने आठ दिवस काढले, पण त्या वासाने माझंच डोकं दुखलं, आणि हे तेल लहान मुलाच्या त्वचेला झोंबतं. मिठाचं सांगायलाच हवं, कारण मीठ-कणकेची खेळणी करणारे इथे बरेच आहेत. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. माझ्या खोलीतला आर्द्रतामापक जुलैभर ८५ च्या खाली आला नाही. मिठाच्या चकतीवर बुरशी उशिरा आली, पण चकती घामेजली आणि कडा हाताने तुटायला लागल्या. पुण्याच्या कोरड्या हवेत मीठ-कणीक टिकत असेल, ठाण्याच्या पावसाळ्यात नाही.

बेंझोएट सगळ्यांत टिकलं, सतरा दिवस. हे सरबतात आणि लोणच्यात घालतात तेच. त्याला आंबटपणा लागतो, त्याशिवाय ते काम करत नाही, म्हणून व्हिनेगर. पण सतराव्या दिवशी तीही चकती बुरसली. ओल कायम असेल तर मुलाच्या तोंडात जाऊ शकेल असं कुठलंच द्रव्य पुरं पडणार नाही, हे तेव्हा पटलं.

मग वजनाची वही काढली. प्रत्येक वस्तू रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची सवय मला पहिल्या बैलापासून आहे, पण मी ते आकडे नीट वाचलेच नव्हते. आपल्या मिश्रणाची पातळ चकती ओली असताना ५० ग्रॅम आणि पूर्ण वाळल्यावर २२ ग्रॅम भरते, म्हणजे ४४ टक्के. तिसरा बैल ओला होता तेव्हा ६४० ग्रॅम. त्या हिशेबाने तो २८१ च्या आसपास यायला हवा होता. तो ३११ वर थांबला. सलग तीन दिवस ३११, म्हणून मी वाळला असं समजले. तीस ग्रॅम पाणी आत अडकलेलं होतं! चौथ्या दिवशी मुसळधार पाऊस लागला आणि वजन ३१६ झालं, तेव्हा तरी कळायला हवं होतं. वजन थांबणं म्हणजे वाळणं नव्हे. चकतीवरून काढलेल्या टक्केवारीशी ताडून बघा, ही या सगळ्या खटाटोपातली सगळ्यांत कामाची गोष्ट.

आणि खोक्याने मदत करण्याऐवजी नुकसान केलं. साठ वॅटचा बल्ब आणि जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, आत ४५ अंश. बाहेरचा थर भराभर वाळून बंद झाला आणि आतल्या पाण्याला वाटच उरली नाही. जाड सांडगा कडक उन्हात घातला की वरून खडखडीत आणि मध्ये मऊ राहतो, तसंच. सांडगे छोटे का तोडतात, हे मला आईच्या गच्चीवर बसून लहानपणीच माहीत होतं. बैलाचं पोट सात सेंटिमीटर जाड होतं.

तेव्हा ठरलं, बैल पोकळ.

इथे गणपतीचे दिवस कामी आले. आमच्या मागच्या गल्लीत एक कारखाना आहे, तिथे शाडूबरोबर कागदाच्या लगद्याच्या मूर्तीही करतात. दोन संध्याकाळी तिथे जाऊन नुसती उभी राहिले. लगद्याचा थर साच्यात बोटांनी दाबत नेतात, पुढचा आणि मागचा भाग वेगळा काढतात, अर्धवट वाळल्यावर कडांना लगदा लावून जोडतात आणि आतून कापडाची पट्टी चिकटवतात. मूर्ती मोठी, पण भिंत बोटाच्या पेरापेक्षाही पातळ. त्यांनी मला मूठभर शाडू दिला आणि पैसे घेतले नाहीत.

त्या शाडूचा बैल घडवला आणि त्यावर प्लास्टरचा दोन तुकड्यांचा साचा ओतला. प्लास्टर पाणी शोषतं, म्हणून साच्यातच मिश्रणाचा पहिला ओलावा निघून जातो. मात्र दोन-तीन वेळा वापरला की साचाच वाळवावा लागतो. भिंत सहा ते सात मिलिमीटर. चौथा बैल ओला २९० ग्रॅम. खोक्यातला बल्ब काढला, फक्त पंखा ठेवला. पहिल्या दिवशी २०४, दुसऱ्या दिवशी १४७, तिसऱ्या दिवशी १२८. टक्केवारी ४४. अजून दोन दिवस थांबले, १२८ च. मग कापला. आत फिकट, कोरडा, लाकडाच्या वखारीसारखा वास. मी ते दोन्ही तुकडे हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. चांगला बैल कापला याचं आता वाईट वाटत नाही.

आता साहित्याबद्दल, कारण मागच्या वेळी विचारणा झाली होती. चिंचोक्याची तयार पूड मी भिवंडीच्या बाजूने आणली होती; तिकडे सूताला खळ द्यायला ती वापरतात. पहिलं पोतं चांगलं निघालं, दुसरं जुनं होतं, खळ घट्टच होईना. आता पूड घेताना तिथेच चमचाभर गरम पाण्यात उकळून बघते. आतल्या थराला तयार पूड चालते. बाहेरच्या थरासाठी मी चिंचोके घरी भाजते, टरफल काढते, भिजवून वाटते. मेहनत आहे, पण घासल्यावर जो गुळगुळीतपणा येतो तो पुडीने येत नाही. आंध्रातल्या कोंडापल्लीचे लाकडी खेळणी करणारे कारागीर चिंचोका आणि भुसा यांच्याच मिश्रणाने खेळण्यांचे हातपाय जोडतात, त्यामुळे या जोडीवर माझा पूर्ण विश्वास आहे.

भुसा मात्र फर्निचरच्या कारखान्यातला घेऊ नका, फुकट मिळाला तरी. त्यात प्लाय आणि एमडीएफची धूळ असते, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचा गोंद. ते खेळणं मातीत टाकलं तर आपण केलेल्या कष्टांना काय अर्थ? सागाची धूळही टाळा, काहींच्या त्वचेला ती खाजते. मी वखारीत उभं राहून फक्त आंब्याच्या लाकडाचा भुसा भरून घेते आणि मैद्याच्या चाळणीने चाळते. तोंडाला मास्क लावून.

पाचव्या बैलात एक बदल केला, आणि तो साचा भरायला बसले त्याच्या आदल्या रात्रीच सुचला. पोकळ बैलाच्या पोटाला हवा जायला भोक ठेवलं होतं. ते नंतर बुजवायचं म्हणजे बूच, आणि बूच निघालं तर ते तोंडात जाणार. लहान मुलांच्या खेळण्यासाठी मापाची नळी ३१.७ मिलिमीटर व्यासाची असते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खेळण्याचा सुटा तुकडा तिच्यात पूर्ण मावला तर ते खेळणं नापास. माझं बूच मावतं. मग लक्षात आलं की चाकांच्या आसासाठी पोटातून आरपार भोकं पाडायचीच आहेत. तीच हवेची वाट! आस बांबूचा, भोक त्याहून किंचित मोठं. वाळताना हवा खेळते, नंतर आस बसतो. वेगळं भोकही नको आणि बूचही नको.

शिंगं अजून माझ्या मनासारखी नाहीत. आत बांबूची काडी घातली होती, पण शिंग मोडलं तर काडीचं टोक बाहेर येईल. आता सुतळीचा गाभा घातलाय आणि टोकं गोल ठेवलीत. ओट्यावरून दहा वेळा खाली टाकला. एका शिंगाला तडा गेला, पण सुतळीने ते धरून ठेवलं, तुकडा पडला नाही.

रंगाची एक गोड बातमी. झुलीचा लाल साधला. जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठा आणली, रात्रभर भिजवली, कोमट आचेवर अर्क काढला, तुरटी विरघळवली आणि धुण्याचा सोडा थोडा थोडा घातला. फेस येतो, भांडं मोठं घ्या. खाली लाल गाळ बसतो. तो तीन पाण्यांनी धुऊन वाळवला की रंगाची पूड तयार. नुसता अर्क लावला तर ओल्या बोटाला लागतो, हा गाळ खळीत घोटून लावला की लागत नाही. बीट आणि हळद मी सोडून दिली. दोन्ही उन्हात उडतात, आणि हळदीला साबणाचं पाणी लागलं की ती लाल होते. डोळ्यांचा काळा हिरडा आणि गुळाच्या पाण्यात मुरवलेल्या गंजक्या खिळ्यांचा, कलमकारीवाले करतात तसा.

लेपाचा बेत मात्र बदलावा लागला. मला सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लाखेची झळाळी हवी होती. लाख किड्याची असते, वनस्पतीची नाही, हा सगळं वनस्पतींचंच हवं म्हणणाऱ्यांचा आक्षेप मला मान्य आहे. तरी खेळण्यावर ती लावायला माझी ना नाही. पण दमट हवेत स्पिरिटमधली लाख लावली की ती दुधाळ होते, आणि माझी झाली. ती दिवाळीनंतर. आत्ता कच्चं जवसाचं तेल दोन हात, अगदी पातळ पुसून, आणि वर खोबरेल-मेण. रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल घेऊ नका, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

विक्रीबद्दल विचारणाऱ्यांना थोडक्यात: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएस ९८७३ या सुरक्षेच्या भारतीय मानकाप्रमाणे आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे. विकायचं असेल तर आधी ती नोंदणी करा. मी घरच्यांसाठीच करते.

तिसऱ्या बैलाचे तुकडे कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीत पुरलेत. बुरसलेला असल्याने तो लवकर मुरेल. शेजारी चौथ्याचा एक कोरडा तुकडाही पुरलाय, खुणेला आइस्क्रीमची काडी रोवून. दर पंधरा दिवसांनी उकरून वजन करणार आहे.

पाचवा बैल काल तेलाआधी १३१ होता. आज सकाळी, रात्रभराच्या पावसानंतर, १३२. उद्या दुसरा हात. चाकांचा प्रश्न उरलाच: आपल्या मिश्रणाची चाकं आसाजवळ झिजतात आणि भोक मोठं होत जातं. करवंटीची चकती मधोमध बसवून पाहावी असं आत्ता लिहिता लिहिता वाटतंय. सहा मिलिमीटरचं भोक करवंटीला न तडकवता कुणी पाडलं असेल, तर ड्रिल कुठलं आणि वेग किती ते कळवा. माझ्याकडे दोन नारळ आहेत आणि अमावस्येला अकरा दिवस.