बिलावर वारलेल्या सासऱ्यांचं नाव

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या घरावर पीएम सूर्यघर योजनेतून एक किलोवॅटचं सोलर बसलं. पॅनल चढवायला एक दिवसही लागला नाही. बिलावरचं नाव बदलायला किती लागले, ते विचारू नका.

स्लॅबचं घर, वर मोकळी जागा, केंद्राचं ३०,००० रुपये अनुदान, सगळं जुळत होतं. पण वीजबिल मावशींच्या सासऱ्यांच्या नावावर, आणि ते वारून जमाना झाला.

वीज कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि घरपट्टीची पावती दिली. खिडकीवरच्या साहेबांनी बिल आणि दाखला शेजारी ठेवून पेनाचं टोक अक्षरांवरून फिरवलं. बिलावर नुसतं ‘टी. बी.’, दाखल्यावर पूर्ण नाव. "हे दोघे एकच कशावरून?" इतकी वर्षं त्याच नावाने बिल भरून घेताना हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता! मग प्रतिज्ञापत्र केलं. ते नेलं तर म्हणे, बाकीच्या वारसांची संमती कुठाय? आधीच सांगायला काय झालं होतं? तुम्ही कागदांची यादी पहिल्याच खेपेला लिहून घ्या.

धाकटे दीर सहीला तयार होईनात. वहिनी घर नावावर करून घेतायत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. वीजबिल हा मालकीचा पुरावा नसतो, हे फोनवर सांगून पटेना. शेवटी संमतीपत्रातच घातलं, ‘ही संमती फक्त वीजजोडणीपुरती, घराच्या हक्काशी संबंध नाही.’ तेव्हा कुठे सही झाली. हे वाक्य माझं, बरं का.

पुढचा ऑनलाइन अर्ज वगैरे सुरळीत. फक्त अनुदान आधी मिळत नाही. सोलर सुरू होऊन तपासणी झाली की खात्यात येतं. तोवरचे पैसे उभे करावे लागतात. बिनतारण कर्ज मिळतं, पण ‘फुकट वीज’ म्हणून सांगत सुटणारे हप्त्याबद्दल गप्प असतात.

विक्रेता ७८,००० च्या अनुदानाचं गाजर दाखवून तीन किलोवॅट गळ्यात मारायला बघत होता. मावशींचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत, तेवढी वीज एक किलोवॅट देतं. पॅनल देशी सेलचीच घ्या, नाहीतर अनुदान विसरा.

आणि हो, बिल शून्य होत नाही, स्थिर आकार येतोच. हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मावशींनी माझीच शाळा घेतली असती.