आषाढातला हिशेब

आषाढ वद्य पंचमी, दापोली तालुका

आठवडाभर आभाळ उघडलेले नाही. सकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा वहीत टिपून ठेवला: काल दिवसभरात 2 किलोवॉटच्या पॅनेलांनी दीड युनिटसुद्धा वीज दिली नाही. चैत्रात हीच पॅनेले रोज 8 युनिटांच्या आसपास देतात. सौर वीज घेऊ पाहणारे नातलग मला वर्षाची सरासरी विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगते की कोकणात घराचा हिशेब आषाढातल्या अशा आठवड्यावर मांडावा लागतो. हे घर पुन्हा उभे करताना आम्ही जे जे ठरवले, ते सगळे या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आमच्या घराचे आढे मोडले, पश्चिमेचे पाखे खाली बसले, आणि पऱ्यापलीकडच्या, म्हणजे पावसाळी ओढ्यापलीकडच्या, या एकट्या घरासाठी उभे केलेले विजेचे खांब आडवे झाले. ते पुन्हा उभे करून मागायचे नाहीत असे आम्ही ठरवले, तेव्हा विरोध होईल तो सासूबाईंचा, असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, “या घरात वीज आली तेव्हा मी दोन मुलांची आई होते. त्याआधी उंडीच्या कडू तेलावर दिवे लागत.” परसातले उंडीचे झाड अजून आहे.

भिंतींचे काम आम्ही स्वतः केले, म्हणजे गवंडीकाका सांगत गेले आणि आम्ही करत गेलो. मागची भिंत उतरवून निघालेले जांभ्याचे चिरे एकेक करून साफ केले; खाणीतून नवे चिरे फारच थोडे आणावे लागले. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होत जातो, त्यामुळे दोन पिढ्या वारा-पाऊस सोसलेला चिरा हा नव्यापेक्षा भरवशाचा, असे काकांचे म्हणणे. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरण्यासाठी सिमेंट वापरू नये, हा त्यांचा एकच हट्ट होता, आणि तो का योग्य होता हे आज, आठवडाभराच्या झडीनंतर, भिंतीला हात लावला की कळते. जांभा सच्छिद्र आहे, तो पाणी पितोच. सिमेंटच्या गिलाव्यामागे ती ओल कोंडून राहते, चुन्यातून ती बाहेर पडते. कळीचा चुना खड्ड्यात भिजवून कित्येक आठवडे मुरू द्यायचा, मग त्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, आणि गुळाचे पाणी घालून मळायचा, हे काम संथ आहे आणि अंग मोडून काढणारे आहे. तरीही या सगळ्या खटाटोपातला मला सर्वांत प्रिय भाग तोच. वाशांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचे तेल लावले. त्याने हाताची कातडी जाते, म्हणून हातमोजे घालूनच ते काम करावे लागले.

पॅनेले कौलांवर बसवली नाहीत. पत्रे उडालेली घरे वादळानंतर आम्ही पाहिली होती, आणि पॅनेल म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने पत्राच. ती खळ्याच्या कडेला, माडांच्या सावलीपासून दूर, जमिनीत पाया भरून लोखंडी चौकटीवर दक्षिणेकडे तोंड करून बसवली आहेत. एका झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी ओळीतल्या सगळ्यांची वीज उतरते, म्हणून जागा निवडण्यातच बराच वेळ गेला. पावसाने धूळ धुऊन जाते, पण चौकटीच्या खालच्या कडेला शेवाळ धरते आणि ते फडक्याने काढावे लागते. अर्थिंगची, म्हणजे वीज जमिनीत उतरवणाऱ्या खड्ड्याची, गोष्ट इथे वेगळी आहे: उन्हाळ्यात जांभ्याची जमीन इतकी कोरडी पडते की कोळसा आणि मीठ घालूनही खड्डा निकामी होऊ शकतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. त्यामुळे तो ओला राहावा म्हणून न्हाणीचे सांडपाणी त्या खड्ड्याकडे वळवले आहे.

आषाढात निभते ते गरजाच कमी होतात म्हणून. विहिरीवरचा पंप आता बंद असतो, पंखे क्वचित लागतात, फ्रीज आम्ही पौर्णिमेलाच बंद केला. उरतात ते दिवे, फोन आणि माझ्या कामाचा लॅपटॉप. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, सुमारे 5 युनिटांची आहे. एखादा अंधारा दिवस ती सहज ओढते, पण सलग सातवा दिवस तिच्याकडून मागणे अन्यायाचे आहे.

स्वयंपाकाची काळजी मात्र या दिवसांतही नसते. गोठ्यामागे 1 घनमीटरचे दीनबंधू नमुन्याचे गोबरगॅस सयंत्र बांधले आहे, त्याला रोज 25 किलो शेण लागते. कोकण कपिला गाई अंगाने लहान, तेव्हा तिघींचे शेण मिळून जेमतेम तेवढे होते. त्यावर एक शेगडी दोन तास चालते. थंडीने गॅस मंदावतो, आणि इथे तशी थंडी पावसाळ्यात पडत नाही, म्हणून सूर्य नसताना चूल तरी भक्कम राहते.

पाण्याचे दुःख उलट्या ऋतूतले. 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या गावात वैशाखात विहीर तळ गाठते, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. वरून आलेले खालून झऱ्यांनी निघून जाते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी पागोळ्यांतून येते, म्हणजे हंगामात तीन लाख लिटर. आम्ही फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून, जी टाकी बांधली तिच्यात 10,000 लिटर मावतात. बाकीचे पन्हळीतून विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरवतो, पण त्यातले किती पाणी विहिरीला लागते आणि किती खाडीकडे निघून जाते, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

ह्यांचे म्हणणे असे की आणखी चार पॅनेले घ्यावीत. मी वहीत आकडे मांडून दाखवले: पॅनेले दुप्पट केली तर अशा आठवड्यात रोज दीड युनिट वाढेल, आणि चैत्रात 8 युनिटे वापराविना जातील. त्याऐवजी वाहत्या पाण्यावर वीज करता येईल का हे पाहायला आज दुपारी छत्र्या घेऊन आम्ही दोघे पऱ्यावर गेलो. वरच्या कातळावरून खाली येताना तो सुमारे 6 मीटर उतरतो. पिंपाने मोजले, तर एका घळीतले पाणीच सेकंदाला 10 लिटर भरले. एवढ्या उताराला या पाण्यात जवळपास 590 वॉटची ताकद असते. टर्बाइन आणि नळातली घट धरून निम्मी हाती आली तरी 300 वॉट, आणि ती रात्रंदिवस, म्हणजे दिवसाला 7 युनिटे. पऱ्या मृगाच्या पावसात वाहू लागतो आणि दिवाळीनंतर आटतो. सूर्य कमी पडतो नेमके त्याच महिन्यांत हे पाणी हजर असते.

बांध ठेंगणा हवा, पूर त्याच्यावरून निर्धास्त गेला पाहिजे, आणि नळाच्या तोंडाशी पाचोळा अडवायला जाळी लागेल. पाणी आटले की पौषात चिऱ्यांचा पाया घालायचा. पण त्याआधी खालच्या वाडीतल्या तात्यांकडे जायला हवे, कारण त्यांचा पाट याच पऱ्यावर आहे; टर्बाइनमधून सुटलेले पाणी त्यांच्या पाटाच्या वरच्या अंगालाच पऱ्यात परत सोडायचे, हे त्यांना जागेवर नेऊन दाखवायचे आहे. त्यांनी होकार दिला तरच नळाची चौकशी करायची, असे आम्ही ठरवले आहे.