अटलांटिसचं रीडिंग हातात आलं की आधी तारीख बघा

तंद्रीत जाऊन प्रश्नांची उत्तरं देणारे अमेरिकन एडगर केसी यांचं नाव निघालं की गप्पा सरळ अटलांटिसवर, म्हणजे समुद्रात बुडाल्याची कथा असलेल्या खंडावर जातात. ‘केसींनी सांगूनच ठेवलंय’ एवढ्या भांडवलावर पुढचं सगळं उभं राहतं. कधी सांगितलं, कोणी विचारलं म्हणून सांगितलं, हे कोणी बघत नाही. खरं तर बघायची पुरेपूर सोय आहे. केसी (1877–1945) तंद्रीत जे बोलले त्याला ‘रीडिंग’ म्हणतात; अशी चौदा हजारांहून जास्त रीडिंग्ज टाइप करून जपलेली आहेत. 1923 पासून ग्लॅडिस डेव्हिस समोर बसून शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायच्या. इतकी नीट राखलेली दप्तरं या क्षेत्रात क्वचितच मिळतात.

कागद वाचायचा कसा, ते आधी. 958-3 असा क्रमांक दिसला तर 958 म्हणजे रीडिंग घेणारी व्यक्ती (नाव झाकायला आकडा दिलेला) आणि 3 म्हणजे तिचं तिसरं रीडिंग. काही आकडे मात्र माणसाचे नसतात, विषयाचे असतात. अटलांटिसवरची 1932 मधली मालिका 364 या आकड्याखाली आहे. क्रमांकानंतर तारीख, जागा, हजर मंडळी. त्याखाली येते ती ‘सूचना’, म्हणजे केसींना काय बघायला सांगितलं ते वाक्य. केसी टाय आणि बुटांच्या नाड्या सैल करून आडवे व्हायचे, श्वास संथ व्हायचा, पापण्या फडफडू लागायच्या. नेमकी तीच वेळ साधून पत्नी गर्ट्रूड सूचना वाचायच्या. ती हुकली की साधी गाढ झोप लागायची आणि रीडिंग राहून जायचं, असं जवळच्यांनी नोंदवलंय. त्यानंतर मजकूर, प्रश्नोत्तरं, आणि शेवटी ग्लॅडिस यांनी नंतर जोडलेली पत्रं नि अहवाल.

बहुतेक वाचक सूचना ओलांडून थेट मजकुरावर उडी मारतात. इथेच फसगत होते. लाइफ रीडिंगच्या, म्हणजे पूर्वजन्मांवरच्या रीडिंगच्या, ठरीव सूचनेत आधीचे जन्म, त्यांचा काळ, ठिकाण आणि नाव सांगा, असं स्पष्ट सांगितलेलं असतं. पुनर्जन्म आहे की नाही, हा प्रश्नच तिथे उरत नाही. प्रश्नात घातलेलं उत्तरात निघालं तर त्याला पुरावा कसं म्हणायचं?

केसींचं पहिलं रीडिंग 1901 चं. पुढची वीस-बावीस वर्षं काम मुख्यतः दुखण्या-खुपण्यांचं. 1923 मध्ये ओहायोतल्या डेटन शहरचे मुद्रक आर्थर लॅमर्स आले. त्यांना फलज्योतिषाची आणि गूढविद्येची ओढ होती आणि प्रश्नही त्याच बाजूचे होते. त्या रीडिंगमध्ये ‘हे पूर्वी एकदा मठवासी साधू होते’ अशा अर्थाचं वाक्य आलं आणि पूर्वजन्मांचं दार उघडलं. केसी रोज बायबल वाचणारे, कट्टर ख्रिश्चन. त्यांना स्वतःलाही हे पचायला जड गेलं. त्यांचा प्रामाणिकपणा मला खरा वाटतो. पण प्रामाणिक असणं वेगळं, अचूक असणं वेगळं. अटलांटिसवर अमेरिकन लेखक इग्नेशियस डॉनेलींचं गाजलेलं पुस्तक 1882 चं, थिऑसफी या गूढवादी चळवळीतल्या बुडालेल्या खंडांच्या कथाही त्याच सुमाराच्या. लॅमर्स येईपर्यंत ही कल्पना चाळीस वर्षं लोकांच्या तोंडी होती.

आता 958-3. जून 1940. अटलांटिसचा पोसाइडिया हा भाग सर्वांत आधी वर येणाऱ्यांपैकी असेल, अडुसष्ट-एकोणसत्तरमध्ये वाट पाहा. सप्टेंबर 1968 मध्ये बहामातल्या उत्तर बिमिनीजवळ पाच-सहा मीटर पाण्याखाली जवळजवळ अर्धा मैल लांब चौकोनी दगडांची रांग सापडली. ‘बिमिनी रोड’! जुळणी चटकदार आहे, कबूल. पण भाकीत जमीन वर येण्याचं होतं, आणि वर काहीच आलं नाही. शिवाय भाकीत माहीत असलेली माणसं त्याच पाण्यात शोधत फिरत होती. त्याच वर्षी अँड्रोस बेटाजवळ एक ‘मंदिर’ही सापडलं होतं; ते स्पंज साठवायचं कुंपण निघालं. रोडचे दगड म्हणजे बीचरॉक. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपल्यांचा चुरा कॅल्शियम कार्बोनेटने सांधला जातो, खालची वाळू वाहून गेली की थर तडकतो, आणि तडे बऱ्याचदा काटकोनात जातात. त्यामुळे दगड कोणी घडवून बसवल्यासारखे दिसतात.

पिरॅमिडचं प्रकरण जास्त बोलकं आहे. 5748-6 मध्ये गिझाचा मोठा पिरॅमिड इ. स. पू. 10,490 ते 10,390 या शंभर वर्षांत बांधला, असं आहे. हे तपासता येतं. चुन्यासारखा गिलावा करायला जिप्सम भाजावं लागतं, आणि भट्टीतल्या कोळशाचे कण गिलाव्यात राहतात. 1984 मध्ये त्यांची कार्बन-14 चाचणी झाली, तीही एडगर केसी फाउंडेशनच्या पैशाने. वय रूढ कालगणनेपेक्षा सरासरी 374 वर्षं जास्त निघालं. 1995 मध्ये पुन्हा नमुने घेतले, तेव्हा फरक शंभर-दोनशे वर्षांवर आला. जुनं लाकूड जाळलं की एवढा फरक पडतोच. केसींचं रीडिंग खरं ठरायला सुमारे आठ हजार वर्षं हवी होती. ‘पिरॅमिड जुना निघाला’ एवढंच अर्धं वाक्य जे फिरवतात, ते हा आकडा गाळतात.

अटलांटिसच्या नोंदी स्फिंक्सजवळ जमिनीखालच्या एका दालनात आहेत, असंही केसी सांगत; त्या ‘हॉल ऑफ रेकॉर्ड्स’साठीही 1978 मध्ये भोकं पाडून पाहिली, दालन मिळालं नाही. या शोधापायीच केसींच्या संस्थेच्या मदतीने 1973 मध्ये इजिप्तला गेलेले मार्क लेहनर तिथेच पुरातत्त्व शिकले, मत बदललं आणि पुढे पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांची वसाहत उकरून काढली: भट्ट्या, बेकऱ्या, हाडांचे ढीग.

कोणाला मूळ कागद वाचायचेच असतील तर 364 पासून सुरुवात करू नका. एखाद्याच व्यक्तीचा सगळा गठ्ठा घ्या. एका कागदावर तीन रकाने आखा: प्रश्नात आधीच काय होतं, उत्तरात नवीन काय आलं, आणि त्यातलं काय बाहेर कुठे तपासता येईल. शेवटची पत्रं मात्र तिन्ही रकाने भरून झाल्यावर उघडा. आधी वाचली तर दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते तीच ठरवतात.