एका बाराचं पिस्तूल

शनिवारी पेन्सिल्व्हेनियातल्या आमच्या गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो होतो. शेजारच्या सत्तरीतल्या गृहस्थांनी माझ्या तळहातावर एक पिस्तूल ठेवलं. लांबी जेमतेम 6 इंच, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, एकच नळी आणि तीही तोंडाकडून ठासायची. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरच्या पिस्तुलाची ही प्रतिकृती. 14 एप्रिल 1865 च्या रात्री लिंकनवर झाडलेलं असलंच पिस्तूल आजही वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये काचेआड आहे. मी ते पाहिलंय, पण ते किती लहान आहे हे मूठ वळल्यावरच कळलं. डेरिंजरच्या नकला इतक्या झाल्या की स्पेलिंगमध्ये एक जादा 'आर' घुसून त्याचं नाव खिशातल्या सगळ्याच छोट्या पिस्तुलांना चिकटलं.

आधी मापानं काळी दारू, मग तेलकट कापडाच्या चकतीत बसवलेली शिशाची गोळी. गजानं ती दारूला टेकेपर्यंत दाबायची. मध्ये फट राहिली तर नळी फुटू शकते. घोडा अर्ध्यावर ओढून टोपी, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं पेटून दारूला ठिणगी देणारी छोटी वाटी, अगदी शेवटी.

मी चाप ओढला. टोपी फटकन वाजली आणि पुढे काहीच नाही!

"नळी समोरच ठेव," ते शांतपणे म्हणाले. दारू आत धुमसत असेल तर बार उशिरा उडतो. आम्ही पूर्ण मिनिटभर तसेच उभे राहिलो. गंज चढू नये म्हणून लावलेलं तेल टोपीखालच्या बारीक छिद्रात राहिलं होतं. ठासण्याआधी रिकाम्या पिस्तुलावर एक-दोन टोप्या फोडून ते जाळायचं असतं, ते मी विसरलो होतो. डेरिंजर बहुधा जोडीनं का विकली जात, हे त्या मिनिटात पुरतं पटलं.

नवी टोपी लावली. या वेळी धडाड! पांढऱ्या धुरात निशाण दिसेनासं झालं, नाकात गंधकाचा वास भरला. 7 यार्डांवरच्या कागदावर गोळी मधोमध नव्हती, पण कागदावर होती. मला फार आनंद झाला.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात कढत साबणपाण्यानं नळी धुतली. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते, रात्रभर राहिली तर लोखंड खाते. कोकणात आजोळी रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. मामा ती पडवीत अशीच धुवायचा, नळीतून काळं पाणी जायचं आणि कुजक्या अंड्यांचा हाच वास यायचा. आजी आतून ओरडायची, "आधी हात धू, मग पानावर बस!"

रात्री मामाला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न होता, "नळी कोरडी केलीस ना?"