खांदा सिलिंडरने दुखत नव्हता

दुपारी साडेतीनच्या सुमारास काकांचा पिकअप आमच्या सेंटरच्या आवारात शिरला. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर डाइव्ह सेंटरचं काम बरंचसं पेट्रोल पंपासारखं चालतं. गाडी आत घालायची, रिकामे सिलिंडर ठेवायचे, भरलेले हौद्यात टाकायचे आणि आपल्या वाटेने निघायचं. काका रोज स्वतःच सिलिंडर उतरवायचे, मला हातही लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी गाडीतून उतरून ते नुसते उभे राहिले. डावा खांदा उजव्या हाताने दाबून धरला होता.

"काय झालं काका?"

"काही नाही रे. आठवडाभर हे सिलिंडर उचलतोय, खांदा धरला. वय झालं!"

पटण्यासारखंच कारण होतं. भरलेला अॅल्युमिनियमचा सिलिंडर सोळा-सतरा किलोचा, काका साठीला टेकलेले. मूळचे डोंबिवलीचे, आता ह्यूस्टनला इंजिनिअर. मी मालवणचा असल्याचं कळल्यापासून माझ्याशी मराठीतच बोलायचे. मी त्यांना हात वर करायला सांगितला, मागे न्यायला सांगितला, खांद्यावर दाबून पाहिलं. दुखणं वाढेना आणि कमीही होईना. स्नायू लचकला असेल तर हालचालीने कळ येते, दाबल्यावर माणूस 'आई गं' करतो. हे दुखणं आत कुठेतरी एकसारखं ठुसठुसत होतं. मग त्यांनी सहज सांगितलं की बोटांनाही जरा मुंग्या येतायत.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्यातली खोली आणि वेळ नोंदवणारं घड्याळासारखं यंत्र, मागून घेतला.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आम्ही पर्यटकांना पाण्यात न्यायचो, तेव्हा पाहुणा अक्षरशः आमच्या हातात असायचा. खोली सहा-सात मीटर, बाजूला गाइड, वेळ मोजून. बोनेअरचं सगळं उलट. बेट नेदरलँड्सचं, व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, चलन अमेरिकन डॉलर, आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'डायव्हर्स पॅरडाइज' लिहिलेलं. वारा जवळजवळ बाराही महिने पूर्वेकडून, म्हणून पश्चिमेचा किनारा शांत. तिथे रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड ठेवलेत, त्यांवर त्या-त्या जागेचं नाव. गाडी लावा, सामान चढवा आणि चालत पाण्यात उतरा, प्रवाळाची कड बहुतेक ठिकाणी पोहत थोड्याच अंतरावर. बोट नको, गाइड नको, वेळापत्रक नको. १९७९ पासून बेटाभोवतीचा समुद्र संरक्षित आहे, त्यामुळे पार्कचं शुल्क भरून आधी एक ओळखीची डाइव्ह करावी लागते, हातमोजे घालता येत नाहीत, नांगर टाकता येत नाही. हे एवढं पाळलं की पाणी तुमचं. दिवसाला चार-पाच डाइव्ह करणारे लोक इथे डझनांनी भेटतात. त्यांना थांबवणारं कुणी नसतं, आणि माझ्या मते या बेटाची गंमतही हीच आणि धोकाही हाच.

कॉम्प्युटरवर सहा दिवसांचा हिशेब होता. रोज तीन-चार डाइव्ह, सगळ्या साध्या हवेवर. आदल्या दुपारी 'थाउजंड स्टेप्स'. नाव हजार पायऱ्यांचं, प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास. पण डाइव्ह संपवून सगळं ओझं पाठीवर घेऊन त्या चढताना हजारच वाटतात, म्हणून ते नाव. आणि त्या दिवशी सकाळी 'हिल्मा हूकर', तीही लागोपाठ दोनदा. हे मालवाहू जहाज १९८४ मध्ये चोरट्या गांजासकट इथे पकडलं गेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बुडालं. आता ते तीसेक मीटरवर कुशीवर पडलंय. इतक्या खोलीवर साध्या हवेवर वर येताना मधे थांबे घ्यावे न लागता पहिल्या डाइव्हला वीसेक मिनिटं मिळतात, दुसरीला त्याहून बरीच कमी.

"कॉम्प्युटर एकदाही ओरडला नाही," काका म्हणाले. इंजिनिअर माणूस, यंत्रावर विश्वास. "मर्यादेतच होतो मी."

मर्यादेतच होते ते, खरंय. पण कॉम्प्युटर जो नायट्रोजन मोजतो तो एका सर्वसाधारण शरीराचा, काकांच्या शरीराचा नव्हे. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडायला हवा, घाई झाली किंवा साठा फार झाला तर त्याचे बुडबुडे होतात. त्यांनी होणारा आजार म्हणजे डीकम्प्रेशन सिकनेस, आणि मला त्याचाच संशय होता. सहा दिवस साठा वाढत गेलेला. डाइव्हनंतर लगेच जड ओझं घेऊन चढणं हेही बुडबुड्यांना आमंत्रण. त्यात पाणी कमी प्यायलेलं. इथला वारा घाम अंगावर टिकू देत नाही, त्यामुळे तहान लागली हेच कळत नाही. दिवसभरात किती पाणी प्यायलात विचारलं तर म्हणाले, "कॉफी झाली ना दोनदा."

तोल तपासायला मी त्यांना एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. दोन्ही हात छातीवर. दोन-तीन सेकंदांत ते डावीकडे कलले, मी धरलं. तोपर्यंत हसत होते, आता चेहरा बदलला.

ऑक्सिजनचा संच प्रत्येक सेंटरमध्ये असतो. मास्क लावला, शुद्ध ऑक्सिजन सुरू केला, आडवं झोपवलं, सहकाऱ्याला हॉस्पिटलला फोन करायला लावला. खोलीवर सामान भरत बसलेल्या काकूंना मी बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं.

यानंतरचा अर्धा तास मला सगळ्यात कठीण गेला. ऑक्सिजनवर पंधरा-वीस मिनिटांत खांद्याची ठुसठुस जवळजवळ थांबली. काकांनी मास्क बाजूला करून सांगितलं, "झालं बघ! आता हॉटेलवर जाऊन झोपतो, उद्या विमानात आराम आहेच." काकूही माझ्याकडे आशेने बघायला लागल्या. ऑक्सिजनने बरं वाटणं म्हणजे दुखणं गेलं असं नाही, उलट या आजाराचा संशय बळावला असं समजावं. विमानाच्या केबिनमध्ये दाब जमिनीपेक्षा कमी असतो, तिथे उरलेले बुडबुडे आणखी फुगतात. धडधाकट माणसालाही अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये असं सांगतात. मी तर चोवीस सांगतो. काकांनी शेवटची डाइव्ह सकाळी अकराला संपवली होती. म्हणजे वेळेचा हिशेब कागदावर बरोबरच होता. ही लक्षणं नसती तर मीही त्यांना हात हलवून निरोप दिला असता.

"काकू, चक्कर आलेल्या माणसाला तुम्ही गाडी चालवू द्याल का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी स्वतः चालवते." मग त्यांनीच काकांच्या तोंडावर मास्क परत बसवला.

बेटाची राजधानी क्रालेन्डाइक, तिथल्या हॉस्पिटलात रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवायची बंद खोली, आहे, हे या बेटाचं भाग्य. कॅरिबियनमधल्या अनेक लहान बेटांवरून रुग्णाला विमानाने दुसरीकडे हलवावं लागतं, तेही कमी उंचीवरून. सुट्टीचं बेट निवडताना लोक पाण्याची पारदर्शकता पाहतात, हॉटेलचा नाश्ता पाहतात. चेंबर कुठे आहे ते कुणी पाहत नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि काकांना आत घेतलं. नेहमीचा उपचार म्हणजे चेंबरमधला दाब अठरा मीटर खोलीइतका वाढवायचा, मास्कमधून ऑक्सिजन द्यायचा, मधे मधे साध्या हवेची विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने दाब उतरवायचा. पावणेपाच तास.

बाहेर बाकावर मी आणि काकू. त्यांनी विमा कंपनीला फोन लावला, तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. त्यांच्याकडे डायव्हिंगचा वेगळा विमा होता, ह्यूस्टनच्या डाइव्ह क्लबने सक्तीच केली होती म्हणे. चेंबरचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं, आणि साध्या प्रवास विम्यात बारीक अक्षरात स्कूबा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. मला कुणी कॅरिबियन सुट्टीसाठी काय काय आणू म्हणून विचारलं, तर मास्क-फिन्सच्या आधी मी हे सांगतो. फिन्स भाड्याने मिळतात.

दुसरी गोष्ट नायट्रॉक्सची, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेची. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के. बत्तीस टक्क्यांचं मिश्रण घेतलं तर नायट्रोजन कमी जातो. ते घेऊनही डाइव्हच्या वेळा साध्या हवेच्याच पाळल्या की शरीराला सूट मिळते. कोर्स एका दिवसाचा. इथल्या बऱ्याच सेंटरमध्ये नायट्रॉक्सला वेगळे पैसेही पडत नाहीत, पण कोर्स केल्याचं कार्ड नसेल तर आम्ही देत नाही, आणि काकांकडे कार्ड नव्हतं. सुट्टीतला एक दिवस वर्गात घालवायचा त्यांना कंटाळा आला होता.

रात्री दहानंतर काका बाहेर आले. खांदा गेला होता (म्हणजे दुखणं), बोटांत किंचित बधिरपणा उरला होता. दुसऱ्या दिवशी चेंबरमधली आणखी एक छोटी फेरी झाली. डॉक्टरांनी विमान काही दिवस पुढे ढकलायला लावलं. तेवढ्या दिवसांत काकूंच्या मनासारखं झालं: दक्षिणेला मिठागरांतले फ्लेमिंगो, गुलामांच्या बुटक्या दगडी झोपड्या, रस्त्यात आडवी येणारी गाढवं. खरं तर प्रत्येकाने शेवटचा पूर्ण दिवस असाच कोरडा ठेवावा, बेटावर बघण्यासारखं पुरेसं आहे. फक्त समुद्रकाठी गाडी लावताना आत काही ठेवू नये आणि काचा खाली सोडाव्यात, म्हणजे कुणी फोडत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी काका सेंटरवर आले. पाण्यात उतरायला बंदी होती, वर्गात बसायला नव्हती. नायट्रॉक्सचा लेखी भाग त्यांनी पूर्ण केला. काकू शेजारीच होत्या. सिलिंडरमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या अॅनालायझरवरचा आकडा बत्तीस आहे की नाही हे त्या मोठ्याने वाचून दाखवत होत्या आणि काका चिडत होते. कार्ड हातात पडलं. ते वापरण्याआधी मात्र डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरचा दाखला लागेल, असं हॉस्पिटलने डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलं होतं, आणि तो कागद काकूंच्या पर्समध्ये होता.