कोटद्वारचा पराभव

"फौजी माणसाला राजकारण जमत नाही," असे उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री भुवनचंद्र खंडुरींचा विषय निघताच आज एका परिचिताने ठामपणे सांगितले आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही.

मेजर जनरल म्हणून लष्करातून निवृत्त झालेला, १९९१मध्ये गढवालमधून लोकसभेत गेलेला, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात महामार्गांच्या कामासाठी कंबर कसलेला हा माणूस राजकारणात कच्चा कसा म्हणावा?

२०१२च्या उत्तराखंड विधानसभा निवडणुकीत 'खंडूरी है जरूरी' ही भाजपची घोषणा होती. भाजपला ३१ आणि काँग्रेसला ३२ जागा मिळाल्या, म्हणजे सत्ता हातातोंडाशी आली होती, पण मुख्यमंत्री खंडुरी स्वतःच कोटद्वार मतदारसंघात पडले. आदल्याच वर्षी त्यांनी मुख्यमंत्र्यालाही कक्षेत घेणारे लोकायुक्त विधेयक मंजूर करून घेतले होते, हे मात्र कोणी काढत नाही.

राजकारण त्यांना जमले नाही, की त्यांची शिस्त इतरांना झेपली नाही?